पल्ल्याची वर्तुळं

रविवारी सकाळी सात वाजले की पूर्णिमा दिघे बेटावर जायची.

बडोद्याच्या वासणा भागातल्या त्या सोसायटीत तेव्हा जेमतेम जाग आलेली असे. तिचा नवरा श्रीकृष्ण पिशवी घेऊन फाफडा आणायला खाली उतरलेला असायचा. रिफायनरीतल्या पाळ्यांनी आठवड्याची घडी कितीही विस्कटली, तरी रविवारचा फाफडा तो सहसा चुकवत नसे. दार ओढल्याचा आवाज आला की पूर्णिमा चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरपाशी बसे, हेडफोन कानांवर चढवी, आणि पंख्याची घरघर, खालच्या रिक्षाची फटफट, शेजारच्या घरातली आरती हे सगळं हळूहळू लाटांच्या आवाजात बुडून जाई.

गेमला लांबलचक इंग्रजी नाव होतं. ती आणि तिचा धाकटा भाऊ विहंग त्याला नुसतं ‘बेट’ म्हणत. तिथे सूर्य कधी पुरता वर यायचा नाही. उजाडतंय की मावळतंय ते कळू नये असा उजेड सगळीकडे सांडलेला. गवत निळसर, गुडघ्याएवढं, वारा नसतानाही डुलणारं. धक्क्याला बांधलेल्या रिकाम्या होड्या एकमेकींना हलकेच टेकायच्या आणि दूर व्हायच्या.

विहंग तिच्या आधी येऊन धक्क्यावर उभा असायचा. त्याच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असे. तो कॅनडातल्या एडमंटन शहरात नऊ वर्षं सिटी बस चालवत होता.

“केम छो, वैदूबाई?”

“मजामां. जेवलास का?”

एवढं झालं की मग निघायचं. कोरोनाच्या वर्षी त्यांची आई गेली, तेव्हा विमानं बंद होती. विहंगला येता आलं नाही. तेराव्या दिवशी फोनवर तो म्हणाला होता, “ताई, मी एक गेम खेळतो. तू तिथे ये. निदान शेजारी शेजारी उभे तरी राहू.” पूर्णिमा गेली. पहिले चार रविवार ती दोघं नुसती धक्क्यावर उभी राहून आईबद्दल बोलली. मग हळूहळू ती खेळायलाही शिकली. तिनं वैदूचं काम घेतलं. लढणाऱ्या साथीदारांवर लांबून मंत्र टाकायचा, म्हणजे त्यांच्या जखमा भरून येतात. विहंग ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे. गटात दहा जण. बाकीचे आठ जगाच्या पाठीवर कुठे कुठे राहणारे, त्यांचे फक्त आवाज ओळखीचे.

पूर्णिमाची नोकरी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात होती. मोठमोठ्या पाइपांवर बसणारे व्हॉल्व तिथे बनत, आणि त्यांची ड्रॉइंगं ती काढायची. हुद्दा ड्राफ्ट्समन. पंचवीस वर्षांत तो ड्राफ्ट्सवुमन करावा असं कोणाला सुचलं नाही, आणि तिलाही त्याचं काही वाटलं नाही. लागली तेव्हा ड्रॉइंग बोर्ड होते. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या कंपासनं वर्तुळ काढताना ती श्वास रोखून धरायची. पुढे कॉम्प्युटर आले, तरी वर्तुळ काढायची वेळ आली की श्वास आपोआप रोखला जाई.

डोळ्यांचं सुरू झालं ते असं की तिच्या हातून ग्लास पडायला लागले. डावीकडे ठेवलेला पाण्याचा ग्लास हाताच्या धक्क्यानं खाली. दाराच्या चौकटी दंडाला लागत, काळेनिळे डाग उठत. लिफ्टमध्ये शेजारणीनं बाजूनं हात पुढे केला, तो हिला दिसलाच नाही, आणि शेजारीण पुढे महिनाभर फुगून होती. अंधारात तर तिला लहानपणापासूनच धड दिसायचं नाही. तिला वाटे, सगळ्यांचंच असं असतं. मग एका संध्याकाळी तिची ॲक्टिव्हा वळणावर भाजीच्या हातलारीला घासली. बटाटे रस्ताभर झाले. भाजीवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बेन, जोता नथी?”

पूर्णिमा बटाटे वेचत राहिली. दिसत नाही का, या प्रश्नाचं उत्तर तिला खरंच ठाऊक नव्हतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात तिला एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. हातात बटण दिलं. वाटीत कुठेही उजेडाचा ठिपका लुकलुकला की दाबायचं. चार ठिपके आले. पाचवा आला. मग बराच वेळ काहीच नाही. पांढरंशुभ्र, शांत. तिला डुलकीच यायला लागली.

“मशीन बंद पडलं का हो?” तिनं विचारलं.

बाजूची मुलगी म्हणाली, “नाही काकी, चालू आहे.”

डॉक्टरांनी कागद पुढे केला. काळ्या गोलाच्या मध्यभागी छोटासा पांढरा गोल. नजर कडेकडून आत मिटत येते, असं त्यांनी समजावलं. औषध नाही. पण मधली नजर चांगली आहे, बरीच वर्षं टिकेल, वाचता येईल, काम करता येईल. गाडी मात्र आजपासून बंद. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, “सख्खी भावंडं किती?”

“एक भाऊ.”

“त्यांनाही तपासून घ्यायला सांगा. सख्ख्या भावंडांत चारांत एक शक्यता असते. काय करतात ते?”

“नोकरी,” पूर्णिमा म्हणाली.

घरी येताना रिक्षात श्रीकृष्णनं तो कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, “विहंगला आजच फोन कर.”

“करते.”

तिनं केला नाही. आधी वाटलं, पुण्याला आणखी एका डॉक्टरांना दाखवून येऊ. त्यांनीही तेच सांगितलं. मग वाटलं, दिवाळी होऊन जाऊ दे. मध्येच एका रविवारी विहंग सहज बोलून गेला होता, “इथे हिवाळ्यात चारलाच काळोख पडतो गं. मला अंधारात चालवायचा वैताग येतो. मी दिवसाची शिफ्ट मागून घेतली.” ते वाक्य तिच्या मनात खड्यासारखं रुतून बसलं. पोळ्या लाटताना, कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून जाताना ती ते पुन्हा पुन्हा उलटून पाहायची. अंधारात वैताग कोणालाही येऊ शकतो. आणि तेच असेल तर? आपण तोंड उघडलं की त्याची बस जाणार. नाही उघडलं तर? या दुसऱ्या प्रश्नाशी ती फार वेळ थांबायची नाही.

“तू सांगितलंस का?” श्रीकृष्ण महिन्यातून एकदा विचारी.

“सांगते हो.”

“अगं, बस चालवतो तो.”

“माहितीय मला काय चालवतो ते!” ती एकदा ओरडली, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली.

डोळ्यांनी बेटावरही तिचा पिच्छा सोडला नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटा गोल नकाशा असे. मध्यभागी आपण, आणि भोवती साथीदारांचे ठिपके. तो नकाशा तिच्या नजरेतून केव्हा निसटला ते तिला कळलंही नाही. समोर पाहावं तर कोपरा नाही, कोपऱ्यात पाहावं तर समोरचं नाही. वैदूच्या मंत्राला पल्ला असतो. चाळीस यार्डांच्या पलीकडचा माणूस डोळ्यांदेखत पडला तरी त्याला बरं करता येत नाही. पूर्णिमा मंत्र टाकायची आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटायची : पल्ल्याबाहेर. तिला वाटायचं, आत्ता तर इथेच होता. मार्चमधल्या एका रविवारी तर विहंगच पडला, ढालीसकट, आणि मग एकामागून एक सगळे.

गटाच्या म्होरक्यानं सभ्यपणे लिहून पाठवलं, की काही दिवस दुसरा वैदू घेऊन पाहू या.

विहंगनं ते आणखी सभ्यपणे सांगायचा प्रयत्न केला. “ताई, तू दमतेस. आठवडाभर ऑफिस, घर. थोडी विश्रांती घे ना.”

“मी दमले नाहीये.”

“मग लक्ष कुठे असतं तुझं?”

समोर निळं गवत डुलत होतं, त्यात मधोमध तिचा भाऊ उभा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धुकं. खेळातलं धुकं कुठे संपतं आणि स्वतःचं कुठे सुरू होतं, हे तिला सांगता आलं नसतं.

त्या दुपारी जेवणानंतर तिनं वही काढली आणि एक वर्तुळ काढलं. त्याच्या आत दुसरं. त्याच्याही आत तिसरं.

तिला ठाऊक होतं की या गेमला बाहेरून छोटे तुकडे जोडता येतात. ॲड-ऑन म्हणतात त्यांना. कोणीही लिहावेत, कोणीही वापरावेत. ऑफिसात एकसारखी बोल्टची भोकं पुन्हा पुन्हा काढायचा कंटाळा यायचा, म्हणून वीस वर्षांपूर्वी ती कॉम्प्युटरला चार ओळींचे हुकूम लिहायला शिकली होती. इथली भाषा वेगळी होती, लुआ नावाची. पण हुकूम तो हुकूम. कंपनीच्या बसमध्ये ती मोबाइलवर वाचायची आणि घरी येऊन करून पाहायची. पहिल्या आठवड्यात तिनं तो छोटा नकाशा कोपऱ्यातून उचलून पडद्याच्या मधोमध आणला, दुप्पट मोठा केला आणि काचेसारखा आरपार केला. तिच्या नजरेच्या उरलेल्या गोलात तो नेमका बसला. आता त्यावर वर्तुळं हवी होती. हिरवं मोठ्या मंत्राच्या पल्ल्याचं, चाळीस यार्डांचं. निळं तीसचं. आणि आत बारीक तांबडं, शत्रू किती जवळ आला की हलायचं ते सांगणारं.

अडलं ते मापाशी. नकाशावरचा एक इंच म्हणजे बेटावरचे किती यार्ड, हे गेम कुठेच सांगत नव्हता. नकाशा लहान-मोठा करायच्या सहा पायऱ्या होत्या, आणि प्रत्येकीचं माप वेगळं. एकच उपाय होता. एकानं जागेवर उभं राहायचं आणि दुसऱ्यानं मागे मागे चालत जायचं, मंत्राचं बटण विझेपर्यंत. विझलं की ते बरोबर चाळीस. तेव्हा नकाशावर ठिपका जिथे दिसेल तिथे खूण.

“विहंग, या रविवारी लढायला नको. मला एक काम आहे तुझ्याशी. नुसतं उभं राहायचंय.”

“बस, एवढंच? ते मला छान येतं,” तो म्हणाला. ‘लक्ष कुठे असतं’ म्हणाल्याचं त्यालाही लागून राहिलं होतं.

एप्रिल होता. बडोद्यात सकाळी सातलाच भिंती तापायला लागल्या होत्या. विहंगच्या खिडकीबाहेर त्या वर्षीचा बहुधा शेवटचा बर्फ पडत होता. आणि ती दोघं त्या तिसऱ्याच जागी, जिथे ना ऊन ना बर्फ, एका लांबच लांब कुरणात होती. विहंग एका पांढऱ्या दगडापाशी उभा राहिला. पूर्णिमा पाठ न वळवता मागे चालायला लागली. गवत पुढून मिटत होतं आणि तिच्या पावलांखाली उघडत होतं. भाऊ लहान लहान होत गेला. अंगठ्याएवढा, मग नखाएवढा.

“अजून?” त्याचा आवाज मात्र कानाशी होता, तेवढाच.

“अजून. हं, विझलं. थांब, हलू नकोस.”

ती वहीत आकडा लिहायची आणि पुन्हा दगडापर्यंत यायची. पुढची पायरी, पुन्हा मागे. कितीदा गेली आणि आली कोण जाणे. मध्ये कुठलीशी पांढरी पाखरं त्यांच्या डोक्यावरून गेली. ती कुठून आली, कुठे गेली, पूर्णिमाला दिसलं नाही. तिच्या गोलात आली तेवढीच दिसली. दोघं कमाटीबागेतल्या लहान आगगाडीबद्दल बोलली. बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला येणाऱ्या वासाबद्दल बोलली. सेव-उसळीत कोण जास्त तर्री घालून घ्यायचं यावर थोडं भांडलीही. ती सकाळ सरूच नये असं तिला वाटत होतं.

पाचव्या पायरीचं माप झाल्यावर विहंग म्हणाला, “बघू तरी काय करतेयस ते.”

तिनं आपल्या पडद्याचा फोटो पाठवला.

“ताई, नकाशा मधोमध का आणलास?”

“असाच. बरा पडतो.”

“समोरचं सगळं धूसर होतं यानं. एवढा मोठा का?” मग हळू आवाजात त्यानं विचारलं, “तुला कोपऱ्यातलं दिसत नाही का?”

भाजीवालीनं विचारलं होतं तोच प्रश्न. या वेळी पूर्णिमाला उत्तर ठाऊक होतं.

“नाही,” ती म्हणाली. आणि मग तिनं सगळं सांगितलं. ग्लास, ॲक्टिव्हा, पांढरी वाटी, काळा कागद. शेवटी ज्यासाठी जीभ रेटत नव्हती तेही. “चारांत एक, म्हणाले डॉक्टर. तुलाही तपासून घ्यायला सांगितलंय.”

“कधी सांगितलं?”

“गेल्या वर्षी. फेब्रुवारीत.”

कुरणात काहीच हलत नव्हतं, गवत सोडून.

“आता एप्रिल आहे,” विहंग म्हणाला.

“हो.”

“चौदा महिने मी बस चालवतोय, ताई. चाळीस-चाळीस माणसं बसवून. शाळेची मुलं असतात त्यात.”

“विहंग, मला वाटलं...”

“तुला काय वाटलं ते नको सांगूस.”

दगडापाशी उभा असलेला तिचा भाऊ क्षणभर तसाच उभा राहिला. मग पाण्यावरची वाफ विरावी तसा विरत गेला. नकाशावरचा ठिपकाही गेला. हिरवं वर्तुळ रिकामं राहिलं.

श्रीकृष्ण फाफडा घेऊन वर आला तेव्हा ती हेडफोन मांडीवर ठेवून बसली होती. “सांगितलं,” एवढंच ती म्हणाली. त्यानं पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिच्या शेजारी येऊन बसला. त्या दिवशी फाफडा कोणीच खाल्ला नाही.

सोमवारी विहंगचा मेसेज आला. ‘बस बंद केली. तपासणीची तारीख मिळालीय. फोन करू नकोस.’

तिनं केला नाही. पुढचा रविवार आला, तशी ती सवयीनं सातला उठली आणि बेटावर गेली. धक्क्यावर कोणी नव्हतं. होड्या एकमेकींना टेकत होत्या. ती कुरणात जाऊन पांढऱ्या दगडापाशी उभी राहिली, आणि नंतर तिला वाटलं, निदान हातातलं तरी पुरं करावं. सहाव्या पायरीचं माप तिनं त्या दगडावरूनच अंदाजानं घेतलं. वर्तुळं नीट बसवली. रंग सौम्य केले. मग जिथे लोक असे तुकडे ठेवतात त्या वेबसाइटवर तो ठेवून दिला. नाव दिलं ‘पल्ला’. खाली दोन ओळी लिहिल्या : ज्यांना कडेचं कमी दिसतं त्यांच्यासाठी. आपला हात कुठवर पोचतो ते हे दाखवतं.

पहिल्या आठवड्यात तो अकरा जणांनी घेतला. मग गटाच्या म्होरक्यानं आपणहून घेतला आणि इतरांना सांगितलं. जून उजाडेपर्यंत घेणारे चार हजारांवर गेले. कुठल्या कुठल्या देशांतून पत्रं यायला लागली. एकाला एकच डोळा होता. एका बाईंना पक्षाघातानंतर डावीकडचं जग दिसेनासं झालं होतं, आणि त्यांनी दोन वर्षांनी पुन्हा खेळायला घेतलं होतं. पूर्णिमा ती पत्रं श्रीकृष्णला वाचून दाखवायची. तो म्हणायचा, “विहंगला पाठव एखादं.” ती मान हलवायची आणि फोन उपडा ठेवायची.

एक पत्र मात्र तक्रारीचं होतं. मोकळ्यावर तुमचं वर्तुळ बरोबर असतं, पण गुहेत गेलं की चुकतं. पूर्णिमानं जाऊन पाहिलं. खरंच होतं. छताखाली गेलं की गेम नकाशाचं माप गुपचूप बदलत होता. म्हणजे सहाही पायऱ्या पुन्हा मोजायच्या, आणि तिथे अंदाज घ्यायला दगडही नव्हता. कोणीतरी उभं राहायला हवं होतं.

“मी राहतो की उभा,” श्रीकृष्ण म्हणाला.

जुन्या लॅपटॉपवर त्यानं खेळातलं आपलं पात्र तयार केलं. नाव ठेवलं ‘कानुडो’, गुजरातीत कृष्णाचं लाडकं नाव. रंग निळा घेतला. पूर्णिमानं त्याला हाताला धरल्यासारखं गुहेपर्यंत नेलं आणि सांगितलं, आता हलू नका. पण बत्तीस वर्षं रिफायनरीच्या पाइपांमधून फिरलेल्या माणसाला गुहेत गप्प उभं राहवेना. तिनं मागे चार पावलं टाकली, तेवढ्यात ठिपका भलतीकडेच सरकला.

“अहो, कुठे चाललात?”

“काही नाही गं, जरा पलीकडे काय आहे ते बघत होतो. पूर्णिमा, हे पाणी आहे का? मी बुडतोय की पोहतोय?”

तो बुडत होता. पूर्णिमा हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि ते पाणी मग बराच वेळ थांबेना. श्रीकृष्णनं लॅपटॉप हळूच मिटला आणि फोन घेऊन बाहेर गॅलरीत गेला.

पुढच्या रविवारी त्याची सकाळची पाळी होती. ती एकटीच गुहेत गेली. आत कुठून तरी थेंब पडत होते आणि भिंतींवर शेवाळासारखा हिरवा उजेड पसरला होता. काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. ती नुसती उभी होती, समोरच्या नकाशाकडे बघत. मध्यभागी ती, भोवती तीन रिकामी वर्तुळं.

हिरव्या वर्तुळाच्या कडेशी एक ठिपका उगवला.

तो आत आला नाही, बाहेरही गेला नाही. पूर्णिमानं श्वास रोखला. हेडफोनमध्ये खरखर झाली.

“इथेच उभा राहू की आणखी डावीकडे?” विहंगनं विचारलं.

“तिथेच राहा,” ती म्हणाली. “हलू नकोस.”

तिनं सगळ्या पायऱ्या मोजल्या. गुहेच्या तोंडापर्यंत मागे, पुन्हा आत, पुन्हा मागे. शेवटचा आकडा लिहून झाल्यावर ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

“रिपोर्ट आला,” तो म्हणाला. “आहे. तुझ्याइतकं नाही, सुरुवात आहे. लायसन्स गेलं.”

“विहंग...”

“ऐक. जानेवारीत सिग्नलला एक सायकलवाला अगदी शेवटच्या क्षणी दिसला मला. एवढ्याशा अंतरानं वाचला. मी समजलो झोप झाली नाही म्हणून. कोणाला बोललो नव्हतो, घरी पण नाही.” थेंब पडत राहिले. “मी पण लपवलंच की. तुझ्यावर चिडायला मला सोपं गेलं, एवढंच.”

“तुझं चिडणं बरोबर होतं.”

“बरोबरच होतं. ते मी विसरणार नाही, ताई.”

“विसरू नकोस,” ती म्हणाली.

“हं.” मग नेहमीच्या आवाजात तो म्हणाला, “तुझं ते वर्तुळ दे मला. कसं लावायचं असतं?”

ती समजावत राहिली. फाफड्याची वेळ टळून गेली तरी दोघं त्या हिरव्या उजेडात उभीच होती.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. विहंगला डेपोत वेळापत्रकं लावायचं काम मिळालं. खुर्चीत बसून बसची वाट आखायची, चालवायची दुसऱ्यानं. पहिले काही महिने तो घरी येऊन कोणाशी बोलायचा नाही, असं त्याच्या बायकोनं पूर्णिमाला कळवलं. पूर्णिमानंही ऑफिसात सांगून टाकलं. साहेबांनी दोन दिवस विचार केला आणि तिला ड्रॉइंगं तपासायला बसवलं, कारण एका वेळी एकच रेघ बघणारी माणसं तिथे फारशी नव्हती. कंपनीच्या बसमध्ये ती आता पुढच्या सीटवर बसते. ड्रायव्हर तिला उतरताना ‘बेन, शांतिथी’, म्हणजे सावकाश, असं म्हणतो आणि पायरी कुठे संपते ते सांगतो. गटात ती परत वैदू झाली. म्होरक्यानं फक्त ‘बरं झालं’ एवढंच लिहिलं.

जानेवारीत विहंग अकरा दिवसांसाठी बडोद्याला आला. विमानतळावर दोघांची गाठ पडली ती अक्षरशः, कारण तो बाजूनं आला आणि तो दिसायच्या आधीच तिनं त्याला धडक दिली. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या दिवशी तिघं पतंग आणायला मांडवीच्या बाजारात गेली. ती गर्दी पाहून श्रीकृष्ण म्हणाला, “तुम्ही दोघं पुढे व्हा, मी मागून येतो.” कोणाला धक्का लागला की मागून त्याचा आवाज यायचा, “माफ करजो भाई, माफ करजो.” मांज्याच्या गुलाबी फिरक्या, कागदी पतंगांचे गठ्ठे, तिळाच्या चिक्कीचा वास. सगळं तुकड्यातुकड्यांनी समोर यायचं आणि निघून जायचं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. दर मिनिटाला कुठून तरी पतंग कापल्याची ‘काप्यो छे!’ अशी आरोळी उठायची. विहंगनं पतंग चढवून दिला आणि दोरी पूर्णिमाच्या हातात ठेवली. तिनं मान वर केली. तिच्या वाट्याला आभाळाचा एक गोल निळा तुकडा होता. त्यात एक लाल पतंग आला, तरंगला आणि कडेनं निघून गेला. मग एक पांढरा. मग कितीतरी वेळ नुसतं निळं.

“कुठाय गं तुझा?” विहंग डोळे बारीक करून वर बघत म्हणाला. त्यालाही सापडत नव्हता.

“माहीत नाही,” पूर्णिमा म्हणाली. दोरी तिच्या बोटांतून सरसरत जात होती, थांबत होती, पुन्हा हलकेच ओढत होती. “पण आहे. ओढतोय बघ.”

तिनं त्याचा हात दोरीवर ठेवला.

“ढील दे,” तो म्हणाला. ती देत राहिली.